नदीपलीकडची मुक्ती

रानात बळकट प्राणी दुबळ्यांना राबवून घेत, त्या काळची ही गोष्ट. नदीपलीकडच्या तरसांनी सिंहराजाविरुद्ध बंड केलं. लढाई लांबली, तेव्हा राजानं दवंडी पिटवली, "तरसांकडे राबणारी सगळी गाढवं आजपासून मोकळी!"

राजाचं सैन्य पलीकडे पोचलं आणि कबरी गाढवी सुटली. ती धावतच अलीकडे आली, कारण तिची बहीण भुरी इथे एका कोल्ह्याकडे राबत होती. भुरीच्या पाठीवर अजून गोणी होतीच.

"दवंडी तरसांच्या गाढवांसाठी आहे," कोल्हा म्हणाला. "आम्ही तर राजाच्या बाजूचे."

कबरीनं भुरीला घेऊन थेट राजाला गाठलं. राजा म्हणाला, "कोल्ह्यांना दुखावलं तर ते तरसांना जाऊन मिळतील. आधी लढाई जिंकू दे."

भुरीनं विचारलं, "महाराज, म्हणजे माझा मालक तुमच्याशी इमानी आहे, म्हणून मी गुलाम?"

राजानं मागोमाग आलेल्या कोल्ह्याला तिला घेऊन जायला खुणावलं.

कोल्हा तिला परत हाकू लागला, तेव्हा भुरीनं भर रस्त्यात गोणी पाडली आणि ती खाली बसली. कोल्हा ओरडत राहिला, पण ती उठली नाही. कबरी तिच्या शेजारी बसली. मागून ओझी घेऊन येणारी गाढवं थबकली, आणि मग तीही एकेक करून बसू लागली.