फणसांच्या राईतली पंगत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात फणसांच्या दाट राईत एक पाठशाळा होती. मुलं झाडाखाली चुलीभोवती बसून जेवायची, पाऊस आला की भिजायची. राजाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "दसऱ्याला मी तिथे जेवायला येईन. तोवर झकास भोजनशाळा उभी करा. मनासारखी झाली, तर बांधणारा माझा राजस्थपती!"

काम मिळालं एका बाईला. कसबी होती, आणि त्या पदावर तिचा फार जीव होता. तिने आराखडा काढला तो दोरी लावल्यासारखा सरळ. लांबच लांब दालन, एका टोकाला मुदपाकखाना, दुसऱ्या टोकाला दार. आड येणारे फणस तोडायचे ठरले. प्रधान तर बेहद्द खूश!

जोतं भरलं, भिंती कमरेएवढ्या आल्या. एके दुपारी गुरुजींनी बाईला त्या अर्ध्या दालनातच मुलांच्या पंगतीला बसवलं. आता तिथली रीत अशी, की शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. वाढपी टोकाच्या चुलीवरून भात घेऊन निघाला तो चालतोय, चालतोयच! शेजारची चिमुरडी पानाकडे टक लावून बसली होती. अखेर श्लोक झाला आणि तिने घास घेतला.

"कसा आहे गं भात?" बाईने विचारलं.

"गार. चुलीभोवती बसायचो ना, तेव्हा ऊन असायचा."

बाईने हातातला घास पानावर ठेवला. एवढा देखणा आराखडा काढला, आणि जेवणाऱ्यांचा विचारच केला नाही! तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने भिंती पाडायला घेतल्या. प्रधान धावत आला. "वेड लागलं का बाई तुम्हाला? दसरा तोंडावर आलाय. पद हातचं जाईल!"

"जाऊ दे," म्हणत तिने पहार उचलली. "पोरांना गार भात घालणारी इमारत माझ्या हातून व्हायची नाही."

मुदपाकखाना तिने मधोमध घेतला. भोवतीने, उरलेले फणस चुकवत चुकवत, ओवरी वळवत नेली. माणसं कुरकुरली, हात सोलवटले, पण बाई हटली नाही.

दसरा उजाडला, तरी एका बाजूला छप्पर नव्हतं. राजा दारातच थबकला. "हे काय? पंगत वाकडी! निम्मी मुलं तर दिसतही नाहीत. कुणी केलं हे?"

"मी, महाराज. आधी पानावर बसावं, मग काय ते बोलावं." ती खणखणीत बोलली.

राजा बसला. चहूकडे वाढपी निघाले आणि बघता बघता पानं वाढून झाली. राजाने भातावर तूप घेतलं. ते झरझर विरघळलं. राजा बघतच राहिला! अहो, महालातली रीतही हीच, शेवटचं पान वाढून होईपर्यंत थांबायची. पहिलं पान राजाचं, आणि शेवटचं पार दुसऱ्या टोकाला. बिचाऱ्याने जन्मात वाफाळता भात खाल्ला नव्हता.

त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मग म्हणाला, "राजस्थपतीबाई, उद्यापासून माझ्या महालाचं काम घ्या."

"घेईन. पण आधी इथलं छप्पर पुरं करीन. तोवर महाराजांनी इथेच जेवायला यावं."

आणि राजा खरोखरच रोज येऊ लागला, मुलांमध्ये मांडी घालून बसू लागला.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, ज्यांच्यासाठी बांधायचं त्यांच्या पंगतीला आधी बसावं, आणि चूक कळली की आपलंच बांधलेलं पाडायला कचरू नये.