तुपाची धार

फोनचं पोट फोटोंनी तट्ट फुगायला लागलं, त्या काळातली गोष्ट. हेरंबच्या फोनमध्ये लग्नाच्या पंगतीचा एक आडवा फोटो राहत होता. मधोमध नवरानवरी जेवायला बसलेली, आणि अगदी कडेला उभी राहून, लांब दांड्याच्या पळीने नवरीच्या पानात तूप वाढणारी चंपाआत्या. सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत आत्या कधी टेकायचीच नाही, त्यामुळे तिचा तेवढा एकच फोटो होता.

एके दिवशी हेरंबने तो एका वेबसाइटवर पाठवला. दारातच कात्री बसली होती.

"इथल्या चौकटी चौकोनी आहेत. आडवंतिडवं चालायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, कडेला आत्या आहे!" फोटो कळवळला.

"कडेचं कोण बघतंय? मधली तोंडं दिसली म्हणजे झालं."

कात्रीने दोन्ही कडा छाटल्या आणि उरलेला तुकडा दाबून दाबून बोराएवढा केला. फोटोने मनाला समजावलं, 'असू दे. घरी फोनमध्ये मी अख्खा आहेच की.'

तिकडे हेरंब म्हणत होता, "वेबसाइटवर आहे ना? मग फोनमध्ये जागा कशाला अडवायची?" आणि त्याने घरचा फोटो पुसून टाकला.

वर्षभरात आत्या गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. हेरंबने वेबसाइट उघडली आणि बोराएवढा फोटो ताणायला घेतला. तो ताणत गेला, तशी सगळी तोंडं विस्कटत गेली.

"आत्या कुठंय रे?" हेरंबने विचारलं.

फोटोत नवरीच्या पानात तुपाची धार पडत होती. वाढणारा हात नव्हता.