सटवाजी कोष्ट्याचे गळू

पूर्णेकाठच्या सावळखेड गावी केशरगीर महाराज धुनी चेतवून राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. गावात सटवाजी नावाचा एक गरीब कोष्टी होता. मागावर लुगडी विणता विणता महाराजांचे नाव घ्यावे, एवढीच त्याची भक्ती.

एके वर्षी सटवाजीला बसायच्या जागी गळू झाले. दुखणे अवघड जागेचे. लाजेपायी त्याने बायकोला, यमुनेलाही, सांगितले नाही. तापाने तो बरळू लागला, तेव्हा यमुनेने बळेच पाहिले. गुदद्वाराशेजारचे मांस काळेनिळे पडले होते, आणि दुर्गंधी तर अशी की तिने पदर नाकाला लावला.

ती तशीच मठाकडे धावली. तिथे रंभाजी पाटील बसला होता. तिचे गाऱ्हाणे ऐकून तो खो खो हसला.

"अगं, त्या जागी अंगारा लावणार कोण? तुझे महाराज?"

लोकही हसले. यमुनेला धरणी दुभंगावी असे झाले.

महाराज मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, अंगारा मागू नकोस. सडलेलं मांस कापूनच काढावं लागतं. आत्ताच्या आत्ता गाडी जुंपा, तालुक्याच्या दवाखान्यात न्या."

"पण डॉक्टर भेटतील ना, महाराज?"

"तू नीघ. डॉक्टरांचं मी बघतो."

"इथं बसून?" पाटील म्हणाला. "मग मीही दिवस मावळेस्तोवर हलत नाही. बघूच!"

वाटेत यमुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता. घटकेत खाली उतरे, घटकेत नवऱ्याच्या कपाळाला हात लावी. समोरून येणारा एक वाटसरू म्हणाला, "डॉक्टर तर आज दुपारच्या मोटारीनं निघालेत, बाई." तरी तिने गाडी वळवू दिली नाही.

पाहते तो काय! दवाखान्याच्या दारात डॉक्टर उभे!

"कोष्टी ना? आत घ्या लवकर."

दार लागले. यमुनेला बसवेना, उभे राहवेना. पुष्कळ वेळाने डॉक्टर बाहेर आले.

"सडलेलं सगळं काढलंय. जखम उघडीच ठेवलीय, परत एकदा कापावं लागेल. पण उद्यावर गेलं असतं, तर विष अंगभर पसरून माणूस हाती लागला नसता." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "ते गोसावी कुठं आहेत? मी मोटारीत चढत होतो. त्यांनी हात धरला, म्हणाले, माझा कोष्टी येतोय."

यमुनेच्या डोळ्यांना धारा लागल्या.

दुसऱ्यांदा कापावे लागले. रोज जखम धुताना सटवाजी ओरडे आणि यमुना बाहेर कानांवर हात ठेवून येरझाऱ्या घाली. हळूहळू जखम भरत आली. काठी टेकत सटवाजी मठात आला, तेव्हा यमुनेने सारे सांगितले.

"खोटं!" पाटील गरजला. "त्या दिवशी मी इथंच होतो. महाराज धुनीपुढून तसूभरही हलले नाहीत! डोळे मिटून नुसते पुटपुटत होते, 'डॉक्टर, उतरा… उतरा…' मी हसलो..."

पाटलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"महाराज, चुकलो!" म्हणत त्याने पायांवर लोळण घेतली.

महाराजांनी त्याला हळूच सटवाजीकडे वळवले. पाटलाने पागोटे काढले आणि त्या कोष्ट्यापुढे मस्तक टेकवले.