खाडीवरचा नेम

"पण मग ती एवढी भयंकर का?" त्र्यंबकानं पुन्हा विचारलं.

रवळबुवा मठाच्या ओसरीवर माडाच्या झावळीचे हीर काढत बसले होते. खराटा बांधायचा होता. त्यांनी एक हीर सोलला, बाजूला ठेवला आणि दुसरी पात उचलली.

"कोण?"

"सुसर, बुवा. खाडीतली."

मठ खाडीच्या तोंडाशी होता. नदी तिथं संपते आणि समुद्र सुरू होतो, पण नेमका कुठं, ते कुणालाच सांगता येत नाही. मगरीला त्या गावात सुसर म्हणत. वरच्या गोड्या डोहातल्या, दिवसभर ऊन खात पडणाऱ्या मगरी वेगळ्या. ही खाऱ्या पाण्यातली. भरतीबरोबर समुद्रातून आत यायची, ओहोटीबरोबर परत जायची, आणि लांबीला चांगली होडीएवढी होती.

परवा तिनं सगुणा घाडीणीचं रेडकू नेलं. मठाच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर. त्र्यंबकानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, तर रेडकू होतं आणि मग नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. जपाला बसला तरी कान पाण्याकडे.

"दातांमुळे?" त्यानं विचारलं.

"दात आहेत. पण चावता येत नाही तिला. तुकडा तोडायचा आणि गिळायचा." बुवांनी आपलं बोळकं उघडून दाखवलं. "माझ्यासारखंच."

"मग जबडा. जबड्यात केवढी ताकद असेल."

"मिटायची आहे. हाडाचा भुगा करील. उघडायची नाही." बुवांनी हातातला हीर बोटाभोवती गुंडाळला. "आमच्या लहानपणी गावकऱ्यांनी एक जिवंत धरली होती. तोंडाला ओला पंचा बांधला. आपलंच तोंड उघडता येईना बिचारीला."

त्र्यंबक चुळबुळला. वर देशावरच्या पाठशाळेत प्रश्नाला उत्तर मिळायचं. इथं एका प्रश्नाचे दोन व्हायचे.

"मग भूक असेल. पोटात आग पेटली म्हणजे..."

"महिनोन्महिने उपाशी राहते. तुझी एकादशी म्हणजे तिच्यापुढं मेजवानीच."

हे त्र्यंबकाला लागलं.

लागायला कारण होतं. उपास, जप आणि पहाटेचं स्नान, या तीन गोष्टींत आपला हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही अशी त्याची खात्री होती. दसऱ्याला मठात आल्यापासून त्यानं नेम धरला होता. फटफटायच्या आत खाडीवर जायचं, घाटाच्या डाव्या कडेला कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, तीन बुड्या मारायच्या, डोळे मिटून सूर्याला अर्घ्य द्यायचं. ताप आला तेव्हाही चुकला नाही. थंडीनं दात वाजायला लागले तेव्हाही नाही. माघी पौर्णिमेला नेम पुरा होणार होता आणि त्या दिवशी बुवांनी कानात मंत्र द्यायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. बुवा नुसते "बघू" म्हणाले होते.

पौर्णिमा तोंडावर आली होती. आणि मध्येच ही सुसर. रेडकू गेल्यावरही दोन पहाटे तो जीव मुठीत धरून उतरला होता.

"क्रूर जात आहे ती," तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. "काळीजच नाही तिला."

"पिल्लं फुटली की तोंडात धरून पाण्यापर्यंत नेते. त्याच तोंडात. एकाला ओरखडा येत नाही."

"मग आहे तरी काय तिच्याजवळ?"

बुवांनी हिराला सुरी लावली. हीर पांढरा, सरळ निघाला.

"नेम," ते म्हणाले.

त्र्यंबक हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसला. "सुसरीला कसला नेम, बुवा?"

बुवाही हसले, आणि पुढची पात उचलली.

तेवढ्यात सगुणा आली. डोळे सुजले होते. घरात उरलेल्या म्हशीला आता कुठं सोडू, हे विचारायला ती आली होती. ओसरीच्या कडेला टेकली आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली.

बुवा तिच्याशी तिच्या बोलीत बोलले. "रेडकू खंय उतरायचा तुझा?"

"थंयच, बुवानू. चिंचेकडे. रोज दुपार कलली काय थंयच डुंबाक जायचा. दाखवूक लागायचा नाय, हाकूक लागायचा नाय." तिला हुंदका आला. "लय शाणा होता माझा. एक दिस जागा चुकला नाय."

बुवांनी सुरी खाली ठेवली.

मग म्हणाले, "म्हशीक रोज येगळ्या वाटेन ने."

सगुणा मान हलवून गेली. त्र्यंबक तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. एवढं सोपं उत्तर तिला लगेच मिळालं, आणि आपण सकाळपासून डोकं फोडतोय, याचा त्याला राग आला.

"बुवा, एक विचारू?"

"अजून उरलंय?"

"उद्या पहाटे मी पाण्यात उतरू की नको?"

"नेम कुणाचा?"

"माझा."

"मग मला काय विचारतोस?"

त्र्यंबक उठला, अंगणात गेला, वृंदावनाला उगाचच एक फेरी मारून परत आला. "तुम्ही नको म्हणा ना."

"का म्हणू?"

"तुमची आज्ञा झाली की... म्हणजे मग मी मोडला असं..."

"म्हणजे मोडल्याचं पाप माझ्या पदरात." बुवांनी हिरांची जुडी हातात घेऊन तिचं बूड जमिनीवर ठोकलं. "वा. शिकलास की बऱ्यापैकी."

त्र्यंबकाचे कान तापले. खरं होतं ते. मरायची भीती वाटत होती आणि मोडायची लाज वाटत होती, आणि दोन्हींतून सुटायला त्याला म्हाताऱ्याची आज्ञा हवी होती.

ती मिळाली नाही.

पहाटे तो निघालाच. भीतीपेक्षा अभिमान काकणभर जास्त ठरला म्हणून निघाला. हातात तांब्या, खांद्यावर भगवा पंचा. पायांत खडावा. आपण मेलो तर लोक म्हणतील, नेमासाठी गेला. हा विचार त्याला बरा वाटला, आणि लगेच अजिबात बरा वाटेना.

खाडीवर धुकं होतं. घाटाच्या डाव्या बाजूला उंच कातळ होता. त्यावर कोणीतरी बसलेलं दिसलं.

बुवाच होते. शेजारी होडी ढकलायचा लांब बांबू. बांबूच्या टोकाला एक भलामोठा वाळका भोपळा बांधलेला.

"ये. वर ये. पंचा दे तुझा."

"बुवा, माझी वेळ..."

"टळत नाही. आज तुझी अंघोळ मी करतो."

त्र्यंबक कातळावर चढला. बुवांनी त्याचा पंचा भोपळ्याला गुंडाळला आणि गाठ मारली. मग त्याच्या खडावा मागून घेतल्या.

"आता बोलायचं नाही. हलायचं नाही. फक्त बघ."

बुवांनी खडावा दगडावर आपटल्या. खट्, खट्, खट्. त्र्यंबक पायऱ्या उतरतो तशा. मग खाकरले, त्र्यंबक शेवटच्या पायरीवर खाकरतो तसे. मग स्नानाचा श्लोक म्हणायला लागले, नाकातून, पलीकडच्या काठावर ऐकू जाईल अशा बेतानं.

त्र्यंबकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण असे ऐकू येतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

श्लोक संपला. बुवांनी बांबू पुढं केला आणि भोपळा पाण्यात दाबला. रोज त्र्यंबक जिथं उभा राहायचा, बरोबर तिथं. एक बुडी.

काही झालं नाही.

पाणी काळं, सपाट होतं. डावीकडं तो नेहमीचा शेवाळलेला दगड तेवढा पाण्याबाहेर होता. त्र्यंबक श्वास रोखून पाण्याची रेघ न् रेघ न्याहाळत होता.

दुसरी बुडी. भोपळा वर आला. पंच्यातून पाणी निथळलं.

काही नाही.

त्र्यंबकाचा जीव जरा खाली पडला. परवाच खाल्लंय तिनं, तो मनात म्हणाला. गेली असेल ओहोटीबरोबर. आपण उगाच घाबरलो. म्हाताऱ्यानं उगाच घाबरवलं. पौर्णिमेला आता...

तिसरी बुडी.

भोपळा वर आला, आणि बुवांनी तो तसाच धरून ठेवला. पाण्यावर, न हलवता. त्र्यंबक डोळे मिटून उभा राहतो तेवढा वेळ.

थेंब पडायचे थांबले...

मग पाणी फाटलं.

आवाज नंतर आला. आधी भोपळा गेला, मग बांबू बुवांच्या हातातून गेला, मग कुठं धप्पकन आवाज कानांवर पडला आणि पाणी कातळावर उडालं. पांढरं पोट एकदा वळलं, दुसऱ्यांदा वळलं. भोपळा फुटल्याचा कडाड आवाज झाला. आणि सगळं मिटलं. पाणी पुन्हा काळं, सपाट झालं, जसं काही तिथं कधी कोणी आलंच नव्हतं.

त्र्यंबकाचे डोळे पूर्ण वेळ तिथंच होते. तरी ती कुठून आली ते त्याला कळलं नाही.

मग त्याचं डावीकडं लक्ष गेलं.

तो शेवाळलेला दगड तिथं नव्हता.

त्र्यंबकानं दोन्ही हातांनी कातळ घट्ट धरला. कधीपासून बघत होता तो हा दगड? काल होता. परवा होता. दिवाळीच्या थंडीत होता का? दसऱ्याला होता का? त्याला आठवेना. एकदा त्या दगडाकडं तोंड करून त्यानं अर्घ्य सोडलं होतं, हे मात्र आठवलं.

बुवांचे तळहात बांबूनं सोलवटले होते. ते हातांवर फुंकर घालत होते.

"पहिल्या बुडीला का नाही आली?" त्यांनी विचारलं.

त्र्यंबकाची नजर पाण्यावरच होती.

"दुसरीला?"

"तिसरी झाली की..." तो कडेपासून मागं सरकला. "तिसरी झाली की मी डोळे मिटतो."

"हं."

"पण बुवा, मी रोज येत होतो. एवढे दिवस. एकदाही तिनं..."

"घाई नव्हती तिला."

खाडीवर उजेड पसरायला लागला. मोडका बांबू काठाला लागला. मागून भगवा पंचा तरंगत आला, मधोमध फाटलेला. बुवा जपून दोन पायऱ्या उतरले, पाण्याकडं बराच वेळ बघितलं, मोडका बांबू उचलून त्याच्या टोकानं पंचा ओढून घेतला आणि वर आले.

त्र्यंबक अजून तसाच बसला होता. त्याला रडू येत होतं, आणि ते भीतीचं आहे की लाजेचं, हे त्यालाही कळत नव्हतं.

"सोडू का नेम?" त्यानं विचारलं.

बुवांनी पंचा पिळला, झटकला आणि त्याच्या खांद्यावर टाकला.

"नेम कशाला सोडतोस? नेम दोघांचाही होता, त्र्यंबका. जागी ती एकटीच होती."