चिलगोज्याचं रान कोणी लावलं?

"हे रान लावलं कोणी? लावणारा हजर करा, रान त्याचं! नाही केलात, तर परवा सकाळी कुऱ्हाडी चालतील!"

शिलागडच्या राजा भूपचंदाचा हा हुकूम डोंगरावरच्या रुमटी गावात पोचला आणि गावाची पाचावर धारण बसली. राजाला नवा दरबार बांधायचा होता. त्याला तुळया हव्या होत्या, आणि रुमटीची चिलगोज्याची झाडं त्याच्या डोळ्यांत भरली होती. गावाचं पोट तर त्याच रानावर. बोंडांतल्या लांबट बिया, म्हणजे चिलगोजे, भाजून हिवाळाभर खायचे, तेल काढून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळायचं, उरलेले खालच्या खोऱ्यात देऊन धान्य-मीठ आणायचं. पाहुण्याच्या गळ्यात हार घालायचा, तोही चिलगोज्यांचाच. पण रान लावलं कोणी? ते पणजोबांच्या पणजोबांच्याही आधीचं!

गावचे थोर लोक देवळाच्या ओट्यावर जमले. या थोरांचं आजवर कशावर एकमत झालं नव्हतं. राजापुढे लोटांगण घालायचं, यावर मात्र लगेच झालं. आधी कोणी घालायचं, एवढाच काय तो वाद.

"राजा म्हणजे बाप," मुखिया पालसुख म्हणाला. "बाप बोलेल त्याला मान हलवावी. दया येते त्याला."

"मागच्या साली कुरण गेलं, तेव्हाही मानच हलवली होतीत ना, आजोबा?"

ही बिरमणी. लांब काठीला आकडी बांधून झाडावर चढायची आणि बोंडं उतरवायची, हे तिचं काम. तिच्याइतकी बोंडं गावात कोणी उतरवत नसे, आणि तिच्याइतकी थोरांची बोलणीही कोणी खात नसे.

"थोरांमध्ये तोंड घालू नये, पोरी!"

"नाही घालत. तुम्ही बोला. राजापुढे काय बोलणार आहात?"

पालसुख बाकीच्या थोरांकडे वळून हळूच म्हणाला, "असं करू, हिलाही नेऊ. राजा भडकलाच तर हिच्यावर भडकेल."

एवढी अक्कल लढवायला चार पावसाळे जास्त पाहावे लागतात, बरं का!

दुसऱ्याच दिवशी मंडळी गडावर पोचली. थंडीमुळे दरबार गच्चीवर उन्हात भरला होता. राजाशेजारी दिवाण टीकमदास बसल्या बसल्या पेंगत होते. राज्यकारभाराचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव, त्यातली तीस अशीच गेलेली.

"लावणारा कुठाय?" राजानं विचारलं.

पालसुखनं मान हलवली. "महाराज म्हणतील तसं."

"अहो, मी विचारतोय, म्हणत नाही!"

पालसुखनं पुन्हा मान हलवली. त्याच्यामागे सगळ्या थोरांनी हलवली.

"येतोय तो, महाराज," बिरमणी पुढे झाली. "त्याला बोलावणं लागत नाही, खाऊ लागतो." तिनं हातातला हार तोडला आणि चिलगोजे कठड्यावर पसरले.

दरबार बघतच राहिला. थोड्या वेळात तपकिरी अंगाचं, पांढऱ्या ठिपक्यांचं, कावळ्याच्या भावकीतलं एक पाखरू कठड्यावर उतरलं. एक चिलगोजा उचलला, दुसरा, पाचवा, दहावा! गळा फुगून टम्म झाला. मग टुणटुण उड्या मारत ते झेंडूच्या कुंडीपाशी गेलं, चोचीनं माती उकरली, दोन चिलगोजे पुरले, वर माती सारली. दोन पुढच्या कुंडीत. आणि उरलेले, चांगली मऊ जागा बघून, दिवाणजींच्या पगडीच्या घड्यांत खोचले! दिवाणजी घोरतच होते.

"हा लावणारा, महाराज!" बिरमणी म्हणाली. "बर्फात खायला म्हणून पुरून ठेवतो. काही खातो, काही विसरतो. विसरतो त्याचं झाड होतं."

"थापा!" राजा ओरडला. "पाखरू कुठं रान लावतं?"

"मग त्या बुरुजाच्या भेगेत चिलगोज्याचं रोप आलंय, ते कोणी लावलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. खरंच, गुडघाभर रोप वाऱ्यावर डुलत होतं! माळ्याला बोलावलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आईशप्पथ मी नाही लावलं, महाराज! मी दर साली उपटतो, ते दर साली उगवतं!"

राजानं ओठ चावला. पण राजाच तो, हरेल कसा? "ठीक! रान पाखराचं! म्हणजे तुमचंही नाही. चला, निघा!"

पालसुख निघालासुद्धा.

"थांबा, आजोबा! महाराज, आम्ही त्या पाखराची कुळं आहोत. खालची बोंडं आमची, शेंड्याची त्याची. बोंडं कितीही कमी येवोत, शेंड्याला आकडी लावायची नाही, असा गावाचा नेम आहे. आजवर कोणी मोडला नाही."

"अस्सं!" राजाचे डोळे चमकले. "मग आजपासून मीही त्याचं कूळ! शेंडे त्याचे, खोडं माझी. बोल आता!"

"मान्य, महाराज! फक्त एवढं सांगा, खोडं तोडल्यावर शेंडे ठेवायचे कुठं? दिवाणजींच्या पगडीवर?"

राजा असा खदाखदा हसला, की दिवाणजी दचकून जागे झाले आणि सवयीनं म्हणाले, "अगदी बरोबर, महाराज!" पगडीतून चिलगोजे टपटप गळले. राजाला हसताना पोट धरावं लागलं!

"ताम्रपट लिहा!" तो डोळे पुसत म्हणाला. "रान पाखराचं, कुळं रुमटीची, आणि कुऱ्हाड कोणाचीच नाही! आणि हे तुझं, पोरी." त्यानं मनगटातलं सोन्याचं कडं काढून पुढे केलं.

बिरमणीच्या आधी पालसुखचा हात पुढे आला. "पोर अजाण आहे, महाराज. मी सांभाळतो."

"तुम्ही मान सांभाळा, मुखिया," राजा म्हणाला, "आज फार हलली आहे!" आणि कडं त्यानं बिरमणीच्या हातात घातलं.