चपळ हात आणि सहावी पिढी

प्रोसेसरची नवी पिढी बाजारात आली की आधी कडूसकर प्राचार्यांच्या टेबलावर यायची. तिच्यावर ते पत्ते खेळत. कॉलेजचे निकाल मात्र ढवळेबाई सहाव्या पिढीच्या संगणकावर लावत. तो सुरू करून चहा प्यावा, कप विसळून यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतच असायचं.

यंदा तेरावी पिढी आली. हार घातला, नारळ फुटला. पेढा तोंडात टाकत प्राचार्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ढवळेबाई, निकाल कुठाय?"

"सर, मधल्या दर्जाचा का होईना, नवा प्रोसेसर मिळाला तर..."

"यंत्राला बोल लावू नका! सगळं चालवणाऱ्याच्या हातात असतं. तुमचा हातच मंद. माझ्या हातात तुमचं डबडंसुद्धा पळेल!"

"अगदी खरं, सर," बाई नम्रपणे म्हणाल्या. "मग मंद हाताला वेगवान यंत्र द्या आणि डबडं तुमच्या हाती घ्या. दोन्ही पळतील, निकाल उद्याच लागेल!"

प्राचार्य घाईघाईने पेढा गिळू लागले. तोवर शिपाई धोंडूमामांनी नव्या संगणकाची वायर काढलीसुद्धा.

"सर, हार ह्यालाच राहू दे, की तुमच्या डबड्याला घालू?"