गिरजा कोष्टिणीनं घेतला मूषकाचा वसा

ऐका हो मूषकराया, देवाच्या पायाशी बसणाऱ्या, तुमची कहाणी. हातातल्या अक्षता मुठीत घट्ट धरा गं बायांनो, एक दाणा खाली सांडू नका. का ते पुढं कळेल.

आटपाट नगर, नगराला वेस, वेशीच्या आत कोष्टीआळी. आळीत घरोघर माग. तिथं सोनाप्पा कोष्टी राहत असे. घरात त्याची म्हातारी आई अनसाबाई आणि बायको गिरजा. माणसं तीन आणि उंदीर तेरा. तेरा हे आपले दिसणारे, न दिसणारे कोण सांगणार?

कोष्ट्याच्या घराला उंदीर का लागतात? तर सुताला खळ लावावी लागते. खळ म्हणजे तांदळाची दाट पेज. खळ नाही तर सूत ताठ नाही, सूत ताठ नाही तर ताणा, म्हणजे उभ्या सुताच्या तारा, मागावर टिकत नाही. असं ते पेज प्यालेलं सूत. मागाखाली पाय सोडायला खड्डा, खड्ड्यात अंधार, अंधारात बीळ. उंदीर खालून निघायचे, वर खायचे, परत खाली जाऊन निजायचे.

बरं, उंदीर कुणाकडे नसतात? पण अनसाबाईची तऱ्हाच न्यारी. ती म्हणायची, "उंदीर म्हणजे गणपतीचं वाहन. आपल्या पायानं घरी आलंय. ते उपाशी तर देव उपाशी." मग रोज दिवेलागणीला बिळाच्या तोंडाशी भाताची मूद ठेवायची, वर तुपाची धार सोडायची, चतुर्थीला मोदक वाढायची. गिरजेच्या भाताला तूप नसे, उंदरांच्या भाताला असे. गिरजेनं तोंड उघडलं, की म्हातारी म्हणायची, "तू कालची आलेली, तुला देवाधर्मातलं काय कळतं?" मग गिरजा कोरडा भात गिळायची.

एके दिवशी काय झालं? राजाच्या लेकीचं लग्न निघालं. राणीचा शिपाई आळीत आला. म्हणाला, "राजकन्येला हिरवं रेशीमकाठी लुगडं हवं. सोनाप्पानं विणावं. लग्नाच्या आदल्या दिवशी पोचलं तर आळीचा मान. नाही पोचलं तर मागाला हात लावायचा नाही, माग सरकारजमा." सोनाप्पानं मान डोलावली. दुसरं काय करतो?

मग गिरजेनं खळ शिजवली, सुताला लावली, ताणा मागावर चढवला. सोनाप्पानं वीतभर विणलं. सकाळी उठून बघतात, तर ताणा कुरतडलेला. सासू म्हणाली, "सुनेनं खळ नीट लावली नसेल."

मग दुसरा ताणा चढवला. राखणीला गिरजेनं मांजर आणलं. अनसाबाईनं मांजराला दूध पाजलं, चुलीपाशी गोणपाट अंथरून दिलं. ते पोटभर प्यालं नि उन्हं येईपर्यंत घोरलं. हातभर विणलेलं, सकाळी त्याच्या चिंध्या. सासू म्हणाली, "सून पांढऱ्या पायाची. आल्यापासून घराला बरकत नाही." दारात शेजारीण साळूबाई उभी होती. तिनं ऐकलं, पदराआड हसली. गिरजेच्या ते जिव्हारी लागलं.

आता घरात सूत उरलं एकाच लुगड्यापुरतं. सासू म्हणाली, "हाही ताणा कापला गेला तर माग जाईल. माग गेला, की तूही माहेरची वाट धर." सोनाप्पा खाली बघत बसला. आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. माहेरी तर गिरजेचं कुणी उरलं नव्हतं, कुलूप घातलेलं एक दार होतं. मग तिनं डोळ्याला पदर लावला आणि भर दुपारी वेशीबाहेरच्या गणपतीच्या देवळात जाऊन बसली. देवाला काही म्हणाली नाही. पायाशी दगडाचा मूषक होता, त्याच्यावर मात्र तोंडसुख घेतलं. "अरे, तुझ्या नावानं तूप घातलं, मोदक घातले, आणि तू माझा संसार कुरतडलास?"

दगडाच्या मिशा हलल्या. मूषक म्हणाला, "बाई, मी एकटा. मला वर्षाला एक मोदक पुरतो. देवाला पाठीवरून न्यायचं, आणायचं, त्यात माझा दिवस जातो. तुझ्या मागाखाली बसायला मला सवड कुठली? तुझी सासू ज्यांना जेवू घालते, ते माझे कुणी नव्हेत."

गिरजा म्हणाली, "मग मी करू काय?"

"वसा घे."

"कसा घ्यावा, काय करावं?"

मूषक म्हणाला, "मंगळवारी घ्यावा, पाच मंगळवार पाळावा. खळीचं भांडं शिळं ठेवू नये, दिवस मावळायच्या आत घासून पालथं घालावं. शीत सांडलं तर झाडावं, धान्य झाकावं. बिळात काच ठेचून भरावी, वर माती लिंपावी. माझा वाटा घरात वाढू नये, वेशीबाहेर बांधावर ठेवावा. बांधावर खाईल तो माझा, घरात खाईल तो चोर. आणि ध्यानात ठेव, वसा आळीला सांगावा. एकटीनं ठेवू नये."

गिरजा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

घरी आली. कासाराकडून पिचक्या काकणांची टोपलीभर काच आणली. खड्ड्यात उतरली, एक बीळ बुजवलं, दुसरं बुजवलं, तिसरं बुजवलं. सासू धावत आली. "अगं, देवाचं दार बुजवतेस? कोप होईल."

गिरजा म्हणाली, "सासूबाई, देवाचं दार वेशीबाहेर आहे. मी त्याला विचारून आले. मूद घाला, तूप घाला, पण बांधावर नेऊन घाला."

"माझे गुडघे दुखतात. बांधावर कोण जाणार?"

"मी जाईन."

सासू चडफडली, पण माग जायची धास्ती तिलाही होती. मग गिरजेनं खळीचं भांडं उन्हं असतानाच घासलं, पालथं घातलं. सांडलेलं शीत न् शीत वेचलं. पहिला मंगळवार झाला, खुडबूड थांबली. दुसरा झाला, लेंडी दिसेना, मग शेवटचा ताणा मागावर चढवला. तिसरा झाला, लुगडं निम्मं विणून झालं. गिरजेला हायसं वाटलं. ती आळीतून चालताना मान जरा वर धरून चालू लागली.

तोच साळूबाई दारात आली. "गिरजे, आमच्याकडे उंदीर फार झालेत गं. विणताना धोटा हातात धरवत नाही, पायावरून धावतात. तू काय केलंस?"

गिरजेला पदराआडचं हसू आठवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे देवाची कृपा." आणि आत गेली. बघा, मूषकानं काय सांगितलं होतं? वसा आळीला सांग. पण ती उतली, मातली, वसा पोटात ठेवून बसली.

चौथा मंगळवार उजाडला. भिंत दोघींच्या घरांत सामाईक. साळूबाईकडून भिंत पोखरली गेली, एक उंदीर आत आला नि काठाजवळच्या चार तारा तोडून गेला. चारच, पण आज चार तर उद्या सगळा ताणा. लग्न दहा दिवसांवर, बदली सूत नाही, आणि भिंतीच्या पलीकडे सगळी फौज. गिरजा खाली बसली, तुटल्या तारा हातात घेतल्या. म्हणाली, "हे उंदरानं नाही केलं. हे मी केलं."

मग ती उठली. साळूबाईच्या दारी गेली. "साळूबाई, मी तुम्हांला खोटं सांगितलं. देवाची कृपा नव्हे, वसा आहे. राग धरून मी तो लपवला. माझं चुकलं." साळूबाई म्हणाली, "चुकलं ते मागचं. हसले मीही होते. आता काच कुठं मिळते ते सांग."

मग दोघी मिळून तिसऱ्या घरी गेल्या. तिघी मिळून चौथ्या घरी गेल्या. कुणी म्हणालं, खळीचं भांडं रोज कोण घासतं? कुणी म्हणालं, आमच्या आजेसासूपासून असंच चाललंय. गिरजा म्हणाली, "एक घर राहिलं, तर सगळ्यांचं गेलं. माझी भिंत बघून या." बायका आल्या, तुटल्या तारा बघितल्या, पदर खोचले. एकाच दिवशी अख्ख्या आळीची बिळं बुजली. उंदरांना ना या घरी थारा, ना त्या घरी. गेले मुकाट शेताकडे.

संध्याकाळी गिरजा बांधावर मूद ठेवायला निघाली, तर ताट जाग्यावर नाही. पाहते तो काय, अनसाबाई एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी, वेशीकडे चालली आहे. गिरजा म्हणाली, "सासूबाई, गुडघे?" म्हातारी म्हणाली, "दुखू देत. घरात चोर मी पोसले, निस्तरायला तू एकटी का?"

मग गिरजेनं तुटल्या तारा एक एक करून सांधल्या. पाचवा मंगळवार पार पडला. लुगडं मागावरून उतरलं. सोनाप्पा, गिरजा नि अनसाबाई राजवाड्यात गेली. राणीनं लुगडं उलगडलं, हात फिरवला. बोट काठाजवळ थांबलं. "इथं चार गाठी कसल्या?"

सोनाप्पा मागं सरला. गिरजा पुढं झाली. "राणीसाहेब, उंदरानं तारा तोडल्या. माझ्या हट्टापायी तोडल्या. मी सांधल्या आहेत. नेसताना निरीत जातील, पण नाहीत असं मी म्हणणार नाही."

राणी हसली नाही, रागावलीही नाही. दासीला म्हणाली, "पेटारा आण." पेटारा उघडला. आत राजकन्येचे तीन शालू, तिन्हींची चाळण झालेली. राणी म्हणाली, "म्हणून तर तुझ्या दारी शिपाई धाडला. उंदीर तुझ्या घरी होते तसे माझ्याही घरी आहेत. तुझं लुगडं चार तारांवर निभावलं, म्हणजे तुझे गेले. ते कसे, ते सांग."

गिरजेनं वसा सांगितला. राणीनं पाटावर बसून ऐकला, आणि पहिल्याच मंगळवारी मुदपाकखान्यातली खरकटी भांडी दिवसाउजेडी घासायला लावली. माग आळीत राहिला. साडीचोळी मिळाली, ती गिरजेला राणीनं आपल्या हातानं दिली. पण सासूनं दिलं ते मोठं. दरबारातून बाहेर पडता पडता अनसाबाई सगळ्यांसमोर थांबली. म्हणाली, "हिला पांढऱ्या पायाची म्हणणारी माझी जीभ झडली असती तर बरं होतं. गिरजे, माहेर नाही म्हणून रडली होतीस ना? मी आहे." आणि त्या दिवशी घरी तुपाची पहिली धार सुनेच्या भातावर पडली.

आता मुठी उघडा बायांनो. अक्षता मूषकाला वाहा, आणि खाली पडलेला दाणा झाडून घ्या, घरी जाऊन खळीचं असो, खिरीचं असो, भांडं पालथं घाला. गिरजेचं घर राहिलं, तसं तुमचं राहो. तिची भिंत पुन्हा अभंग झाली, तशी तुमची राहो. आणि हो, शेजारणीला सांगितल्याशिवाय झोपू नका. साठ बोलांत सांगायची ती पाच बोलांत सांगितली, कहाणी फळाला आली, संपूर्ण झाली.